दुर्गाताईंची दाढ

परळच्या मैदानावर संध्याकाळी मुली कबड्डीच्या सरावाला जमल्या की एक शब्द कुणी तोंडातून काढायचा नाही, असा तिथला रिवाज होता. तो शब्द म्हणजे 'दुखतंय'. खरचटो, सुजो, मुरगळो, दुर्गा मेस्त्रींच्या हाताखाली खेळायचं तर ओठ मिटून उठायचं, माती झटकायची आणि आपल्या जागी जाऊन उभं राहायचं.

दुर्गाताई स्वतः तशाच वाढल्या होत्या. माहेर लालबागचं. वडील गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, कामाला होते, आणि पाळी सुटली की मुलांना घेऊन थेट मैदानात. पोरगी म्हणून दुर्गाला वेगळं काही मिळालं नाही, ना लाड ना सूट. ती उजव्या कोपऱ्यात उभी राहायची. चढाईला आलेल्या मुलीचा घोटा तिच्या हातात सापडला की तो सुटायचा नाही. एकदा ऐन सामन्यात तिच्या हाताचं बोट मोडलं, तर तिनं ते शेजारच्या बोटाला फडक्यानं बांधलं आणि खेळत राहिली. ते बोट अजूनही वाकडं आहे. मुलींनी विचारलं की त्या ते दाखवतात, आणि दाखवताना मान जरा ताठ होते.

पण जुनी माणसं दुर्गाताईंची आठवण काढतात ती बोटासाठी नव्हे. ती वेगळ्याच गोष्टीसाठी. दादरच्या एका अंतिम सामन्यात शेवटची चढाई चालू होती. समोरच्या मुलीच्या पायाचं बोट दुर्गाच्या पोटरीला निसटतं लागलं. पंचांना दिसलं नाही, प्रेक्षकांना दिसलं नाही, खुद्द चढाई करणारीलाही कळलं नाही. दुर्गानं हात वर केला आणि ती बाद होऊन मैदानाबाहेर चालू लागली. एका गुणानं ढाल गेली. घरी काय ऐकावं लागेल ह्या धास्तीनं ती चाळीचा जिना चढली, तर वडील गॅलरीत उभे राहून पलीकडच्या चाळीतल्या माणसाला ओरडून सांगत होते, "लागलेला कोणाक दिसला नाय रे! आमच्या पोरीन आपणहून हात वर केल्यान!"

खेळाच्या जोरावर पुढे रेल्वेत नोकरी लागली, लग्न झालं, मुलगा कामाला पुण्याला गेला. नवरा दीपक छापखान्यात मशीनवर. दिवसा नोकरी आणि संध्याकाळी मैदान, असं दुर्गाताईंचं आयुष्य छान मार्गी लागलेलं होतं. आणि मग खालची उजवी दाढ ठणकायला लागली.

सुरुवातीला थंड पाण्यानं कळ यायची. मग गरम चहानंही यायला लागली. मग कशाचीच गरज उरली नाही. आडवं झालं की दाढेत कुणीतरी घण घालायचं. दुर्गाताईंनी लवंग धरली, मिठाच्या गुळण्या केल्या, पण डॉक्टरचं नाव काढलं नाही. दीपकनं विचारलं की म्हणायच्या, "काही नाही रे, जरा ठणकतेय."

एके दिवशी सरावात त्या मुलींना साखळी पकड समजावत होत्या. बोलता बोलता मध्येच थांबल्या आणि मैदानाच्या भिंतीला टेकून डोळे मिटून उभ्या राहिल्या. मुली बघतच राहिल्या. त्यांच्यातली मेघना, संघाची सगळ्यात चपळ चढाईपटू, धावत आली. "ताई, काय होतंय?"

"काही नाही. जा, जागेवर जा."

मेघनानं ऐकलं नाही. तिनं दीपकला फोन लावला. दुसऱ्या दिवशी त्यानं रजा काढली आणि बायकोला दातांच्या कॉलेजात घेऊन गेला. त्याची स्वतःची दाढ तिथंच वाचली होती, त्यामुळे त्याला कुठल्या मजल्यावर जायचं ते ठाऊक होतं.

तपासणाऱ्या डॉक्टर अगदी तरुण होत्या. ऋग्वेदा नवलकर, गिरगावच्या. दातांची पदवी घेऊन झाली होती आणि आता एमडीएसच्या शेवटच्या वर्षाला होत्या. त्यांनी एक्स-रे काढला, दाढेला गार कापूस लावून पाहिला. दुर्गाताईंचा हात खुर्चीच्या दांड्यावर आवळला गेला, पण तोंडातून हूं की चूं नाही.

"आतली नस सुजलीये, मावशी. रूट कॅनल करावं लागेल. दाढ वाचेल." मग त्या स्टूल ओढून समोर बसल्या. "आणखी एक विचारायचंय. मी एक अभ्यास करतेय. तुम्हाला त्यात यायचं असेल तर या, नसेल तर काही बिघडत नाही. उपचार तसाच होईल."

"कसला अभ्यास?"

"बधिर करायच्या औषधांचा. तुमच्यासारखी खालची दाढ इतकी सुजलेली असली ना, की ती पटकन बधिर होत नाही. सुई दिली की ओठ जड होतो, जीभ जड होते, माणसाला वाटतं झालं काम. आणि आम्ही नसेपर्यंत पोचलो की कळ येते. आपल्याकडे वर्षानुवर्षं लिग्नोकेन वापरतात. आर्टिकेन म्हणून दुसरं एक औषध आहे. दोन्ही सुरक्षित आहेत, दोन्ही रोज वापरात आहेत. पण अशा हट्टी दाढेला जास्त चांगलं कुठलं, ते मला बघायचंय."

"मग मला कुठलं देणार?"

"ते मलाही माहीत नसणार. दुसरे डॉक्टर सिरिंज भरून देतात, वर पट्टी गुंडाळलेली असते."

दुर्गाताईंना हे नवल वाटलं. "देणारीलाच माहीत नाही?"

ऋग्वेदा हसल्या. "मला माहीत असलं तर माझं मन एका बाजूला झुकेल. आवडत्या औषधाच्या वेळी मी 'नाही ना दुखत?' असं विचारेन, आणि दुसऱ्याच्या वेळी 'दुखतंय का?' असं. तेवढ्यानंही फरक पडतो."

हे मात्र दुर्गाताईंना लगेच पटलं. आपल्याच मंडळाच्या संघाचा सामना असला की पंच म्हणून उभं राहायला त्या नेहमी नकार द्यायच्या. "बरं," त्या म्हणाल्या, "घ्या मला."

"एकच गोष्ट लक्षात ठेवायची. काम चालू असताना दुखलं की डावा हात वर करायचा. मी त्या क्षणी थांबेन आणि आणखी औषध देईन. कुणालाही दुखत ठेवून काम करायचं नाही, हा पहिला नियम. नंतर एका रेघेवर खूण करायची, किती दुखलं त्याची. ह्या टोकाला काहीच नाही, त्या टोकाला सहन होण्यापलीकडचं."

"मला नाही लागायची हात वर करायची गरज," दुर्गाताई म्हणाल्या, आणि शेजारी उभ्या असलेल्या दीपकनं छताकडे पाहिलं.

सुई दिली. थोड्या वेळानं खालचा ओठ सुजल्यासारखा वाटू लागला, हनुवटी दुसऱ्याच कुणाची असावी तशी झाली. ऋग्वेदांनी दाढेभोवती रबराचा पडदा बसवला आणि काम सुरू केलं. वरचा थर निघेपर्यंत खरोखर काही कळलं नाही. दुर्गाताई निवांत झाल्या. आणि तेवढ्यात दाढेतून एक कळ निघाली ती कानामागून थेट मस्तकात गेली.

त्यांनी चपलेत पायाची बोटं आवळली. हात जागचा हलला नाही.

ऋग्वेदांनी यंत्र थांबवलं. "दुखलं?"

दुर्गाताईंनी मान हलवली. नाही.

काम पुन्हा सुरू झालं. दुसरी कळ पहिलीपेक्षा वाईट. ह्या वेळी डोळ्याच्या कडेनं पाणी निघालं आणि कानशिलावरून केसांत गेलं. सहन करायचं म्हणून त्या मनातल्या मनात जुन्या सामन्यांची नावं घेऊ लागल्या.

यंत्र पुन्हा थांबलं. "मावशी, डोळ्यांतून पाणी येतंय."

रबराच्या पडद्याआडून जमेल तसं दुर्गाताई बोलल्या, "लाईट लागतो डोळ्यांवर."

ऋग्वेदांनी लाईट बाजूला केला. यंत्र ठेवून दिलं आणि मास्क खाली ओढला. चेहऱ्यावर राग नव्हता, पण थट्टाही नव्हती.

"मावशी, तुम्ही 'नाही' म्हणालात तर मी 'नाही' असंच लिहिणार. तुमची कळ मला बाहेरून दिसत नाही. एक्स-रेत येत नाही, कुठल्या मशीनवर येत नाही. ती फक्त तुम्हाला माहीत आहे. तुम्ही गप्प बसलात तर आज तुम्ही सोसाल, संपलं. पण माझ्या अभ्यासात असं जाईल की हे औषध पुरलं. उद्या कुठल्या तरी बाईला तेवढंच औषध देतील आणि ती कळवळली की म्हणतील, बाकीच्यांना पुरतं, हिलाच कसं दुखतं? नाटकं करते."

एवढं बोलून त्यांनी स्टूल जरा मागे सरकवलं. घाई केली नाही.

दुर्गाताई खुर्चीत पडल्या होत्या, वर पांढरं छत. त्यांना राग आला होता, पण कुणाचा ते कळेना. जन्मभर त्यांनी दोन गोष्टींचा अभिमान बाळगला होता: दुखणं दाखवलं नाही, आणि लागलेलं लपवलं नाही. ह्या दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध जाऊ शकतात, हे त्यांच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. आज दाढेला लागलं होतं. एकदा नाही, दोनदा. पंचांना दिसलं नव्हतं. आणि दुर्गा मेस्त्री मैदानात तशीच उभी होती, बाद होऊनसुद्धा, हात खाली ठेवून.

त्यांनी डावा हात वर केला. चांगला सरळ, कोपर न वाकवता.

ऋग्वेदा गोंधळल्या. "आत्ता दुखतंय? मी तर काहीच करत नाहीये."

"मघाशी," दुर्गाताई म्हणाल्या. "दोनदा."

मास्क खाली होता, त्यामुळे ऋग्वेदांचं हसू पूर्ण दिसलं. "थँक्यू, मावशी."

मग त्यांनी दाढेशेजारी, बाहेरच्या बाजूनं हिरडीत आणखी एक सुई दिली. "ही जादा सुई सगळ्यांना एकाच औषधाची, आर्टिकेनची. ह्यात गुपित काही नाही." थोडा वेळ जाऊ दिला. पुन्हा यंत्र सुरू झालं तेव्हा दुर्गाताईंनी सवयीनं पायाची बोटं आवळली होती. पण कळ आलीच नाही. नुसता आवाज, नुसती थरथर. बऱ्याच वेळानं त्यांच्या लक्षात आलं की आपली बोटं आपोआप सैल झालीत.

काम आटोपल्यावर ती रेघ समोर आली. पहिल्या सुईनंतर किती दुखलं, तिथं खूण करायची होती. दुर्गाताईंचं पेन आधी सवयीनं मधल्या जागी टेकलं. मग त्यांनी ते उचललं आणि पार पलीकडच्या टोकाजवळ खूण केली.

"म्हणजे तुमचं औषध नापास झालं," त्या जड जिभेनं म्हणाल्या. "वाईट नाही वाटत?"

"जरा वाटतं," ऋग्वेदा म्हणाल्या. "पण खोट्या खुणा गोळा करायच्या असत्या, तर घरी बसून मीच केल्या असत्या."

जिना उतरताना दीपकनं बायकोकडे पाहिलं. "रडलीस काय गो?"

"हो," दुर्गाताई म्हणाल्या. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण ह्या प्रश्नाला हे उत्तर त्याला पहिल्यांदाच मिळालं होतं. कोपऱ्यावरच्या दुकानात थांबून त्यानं बायकोला गार लस्सी पाजली.

त्याच आठवड्यात उपांत्य सामना होता. दोन दिवस आधी संध्याकाळी सराव चालू असताना मेघना चढाईला गेली, वळली, आणि परतताना तिचा डावा पाय किंचित उशिरा उचलला गेला. दुसऱ्या कुणाच्या लक्षात आलं नसतं. दुर्गाताईंनी शिट्टी वाजवली.

"मेघना, गुडघा दुखतोय?"

"नाही, ताई."

चटकन, मान खाली घालून आलेला तो 'नाही'. दुर्गाताईंनी तो ओळखला. हाच 'नाही' त्यांनी स्वतः खुर्चीत पडून दिला होता, आणि ह्या पोरींना तो शिकवला होता तोही त्यांनीच. त्यांनी सगळ्यांना गोल करून मातीत बसवलं आणि दाढेची गोष्ट सांगितली. डोळ्यांतलं पाणी, लाईटचं खोटं कारण, मघाशी-दोनदा, सगळं. काही लपवलं नाही. मुली आधी हसल्या, मग एकमेकींकडे बघू लागल्या. दुर्गाताई रडल्या, हे त्यांना खरंच वाटेना.

"सोसायला ताकद लागते, हे मी तुम्हाला शिकवलं," त्या म्हणाल्या. "ते खोटं नाही. पण कुठं दुखतंय हे मलाच कळलं नाही तर मी संघ कसा लावू? मला खरं पाहिजे. आता परत विचारते. मेघना?"

मेघनाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "पंधरवडा झाला, ताई. उतरताना जिन्यावर बसावं लागतं."

तपासणीत गुडघ्याचा अस्थिबंध ताणलेला निघाला. अजून तुटला नव्हता. ह्या अवस्थेत खेळली असती तर तुटायची शक्यता होती आणि मग शस्त्रक्रिया, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. मंडळाचे सेक्रेटरी राजेशभाऊ चिडले. "ताई, सेमीफायनल आहे! पट्टी बांधून खेळू दे की. तुम्ही नाय का बोट बांधून खेळलात?"

"खेळले," दुर्गाताईंनी आपला वाकड्या बोटाचा हात त्यांच्यासमोर धरला. "ह्या बोटानं मला आजही पोळी नीट लाटता येत नाही. हे मी पोरींना कधी सांगितलं नव्हतं."

मेघनाविना संघ हरला. जेमतेम हरला, पण हरला. राजेशभाऊ काही दिवस बोलले नाहीत. दुर्गाताई मात्र मैदानातून निघताना मेघनाच्या खांद्यावर हात ठेवून चालल्या, सगळ्यांच्या देखत, आणि त्यांची मान जिंकल्यावर असते तेवढीच ताठ होती. पुढच्या मोसमात मेघना उभी राहिली ती पूर्ण बरी होऊन. मुंबई शहराच्या संघात तिची निवड झाली. यादी लागली तेव्हा राजेशभाऊंनीच पेढे आणले. एक पेढा दुर्गाताईंच्या हातावर ठेवून ते नुसतंच "काय ताई..." म्हणाले, आणि त्यात सगळं आलं.

दरम्यान दाढेचं काम पुरं झालं होतं, वर टोपीही बसली होती. एके दुपारी ऋग्वेदांचा फोन आला. प्रबंध सादर झाला होता, परीक्षा पास झाली होती. "डॉ. ऋग्वेदा नवलकर, एमडीएस," त्यांनी स्वतःच फोनवर सांगितलं आणि स्वतःच लाजल्या.

"मग कोण जिंकलं?" दुर्गाताईंनी लगेच विचारलं.

"पहिल्या सुईत कुणीच नाही, मावशी. दोन्ही औषधं जवळजवळ सारखीच. दोन्हीकडे बऱ्याच जणांना दुखलं. पण ती दुसरी सुई, दाढेशेजारी आर्टिकेनची दिली ना, तिनं ज्यांना दुखत होतं त्यांच्यातले बहुतेक शांत झाले. अर्थात हा माझ्या पेशंट्सपुरता निकाल. आणखी मोठा अभ्यास व्हायला हवा."

"आणि मला पहिल्यांदा कुठलं दिलं होतं?"

"आर्टिकेन." "खरं सांगू? सुरुवातीला मला वाटत होतं की तेच जिंकणार. सरांशी पैजच लावली होती. तुमच्यासारख्या माणसांनी खरं सांगितलं म्हणून माझा अंदाज चुकीचा निघाला."

"त्यात माझं नाव आहे?"

"नाव नसतं, मावशी. फक्त नंबर."

"पण दाढ माझी आहे ना?"

"आहे. अगदी तुमचीच आहे."

"मग बस्स झालं," दुर्गाताई म्हणाल्या.

त्यांनी हे दीपकला सांगितलं आणि दीपकनं मजल्यावर सांगितलं. छापखान्यातला माणूस, छापलेल्या गोष्टीचं त्याला भारी कौतुक. संध्याकाळपर्यंत अख्ख्या मजल्याला ठाऊक झालं की मेस्त्रीणबाईंची दाढ पुस्तकात गेली. जो तो दारात येऊन विचारू लागला, आणि दुर्गाताई प्रत्येकाला नीट, न कंटाळता दोन्ही औषधांची नावं घेऊन समजावू लागल्या. बोलता बोलता त्यांचा आवाज असा चढे की खालच्या मजल्यावरही ऐकू जावा.

सगळ्यात शेवटी आल्या त्या कोपऱ्यातल्या खोलीतल्या रखमाकाकू. गालाला पदर लावलेला. कितीतरी महिने त्या एकाच बाजूनं जेवत होत्या, आणि डॉक्टरचं नाव काढलं की उठून जायच्या.

"दुर्गे, खरा सांग," त्यांनी दबक्या आवाजात विचारलं. "दुखता काय गो?"

पूर्वीची दुर्गा असती तर पाठीवर थाप मारून म्हणाली असती, छे, काही नाही. दुर्गाताईंनी काकूंना आत बसवलं, पंखा लावला.

"पहिल्यांदा दुखलं, काकू. चांगलंच दुखलं. मग मी सांगितलं, त्यांनी आणखी औषध दिलं, आणि मग काही म्हणजे काही कळलं नाही."

काकू त्यांच्या जवळ सरकल्या. आत्तापर्यंत प्रत्येकानं त्यांना 'मुळीच दुखत नाही' असंच सांगितलं होतं, आणि त्यांनी एकावरही विश्वास ठेवला नव्हता.

"तू येशीत माझ्यावांगडा?"

"येईन की. उद्या सकाळीच जाऊ. आज लवकर जेवून घ्या, आणि तो गालावरचा पदर काढा आधी."

काकूंनी पदर सोडला. दुर्गाताईंनी दीपकला हाक मारून चहा टाकायला सांगितला, आणि काकूंचा कोमट करून आण म्हणून बजावलं.